न गळणारं बोंड

माझे सासरे कुणालाही माझी ओळख करून देताना सांगतात, की ही आमच्या घरात आली ती केसांच्या स्प्रेचा डबा घेऊन. खोटं नाही ते. लग्नाआधी मी पार्लरमध्ये काम करायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात मी यांच्या शेतातल्या वाळलेल्या बोंडांवर स्प्रे मारून ठेवला, वाटेत ती फुटू नयेत म्हणून. बोंडं फुटली नाहीत, सासरे फुटले. जे झाडाने करायचं ते डब्याकडून करून घेणं म्हणजे हार मानणं, असं ते त्या दिवशी जेवण थंड होईपर्यंत सांगत होते. तेव्हापासून वाळवणघरातल्या बायका मला स्प्रेबाई म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. अर्धा माल अजूनही माझ्या स्प्रेवरच तग धरून दुकानापर्यंत पोचतो आणि हे बाबांनाही माहीत आहे. मी डबा हातात घेतला की ते फक्त दुसरीकडे बघतात.

आमचं शेत स्कॅबिओसाचं. हनीसकलच्या कुळातलं हे रोप. हनीसकलचा वेल आमच्या कुंपणावरही आहे, आणि येणारा-जाणारा त्याच्यापाशी थांबून वास घेतो, वा वा करतो. त्याच्या या गरीब नातेवाइकाकडे कुणी ढुंकून बघत नाही. स्कॅबिओसाची भावंडं पुष्कळ आहेत. काही एका हंगामात जगून मोकळी होतात, काही मुळाशी लाकूड धरून छोट्या झुडपासारखी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात. आमचं एका हंगामाचं. फूल फिकट निळं, आज आहे तर उद्या नाही. आमची कमाई फूल गेल्यानंतरची. पाकळ्या गळल्या की देठावर लिंबाएवढं गोल बोंड तयार होतं. पातळ कागदाच्या वाट्या एकमेकींना चिकटवून केल्यासारखं दिसतं ते, प्रत्येक वाटीत एक काळसर चांदणी आणि वाटीच्या तळाशी एक बी. लोक ते वाळवून फुलदाणीत ठेवतात. मोठ्या हॉटेलांत, लग्नाच्या हॉलमध्ये, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत तुम्ही पाहिलं असेल, फक्त नाव माहीत नसेल.

आता यात मेख अशी, की बोंड पुरतं वाळलं की त्याला जगण्यात रस उरत नाही. बोट लावा, सगळ्या वाट्या सुटून खाली. शेजारी कुणी जोरात शिंकलं तरी निम्मं गेलंच म्हणून समजा. म्हणून आम्ही ती जरा हिरवी असतानाच कापतो, तारांना उलटी टांगून वाळवतो, कापसात घालून खोक्यांत भरतो, आणि तरी खोकं उघडणाऱ्याला तळाशी भुसा मिळतो. यंदा घाऊक व्यापाऱ्याने शेवटचं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी माल नको, तक्रारी निस्तरून मी थकलो. माझ्या नवऱ्याने मग एका लॉनवाल्या कंपनीशी बोलणी केली. हंगाम संपला की शेत नांगरून तिथे गवताचे गालिचे वाढवायचे, मुळासकट गुंडाळून विकायचे. बाबांनी त्यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

बाबांना काय वाटत असेल ते सांगायला नको. हा माणूस तरुणपणापासून एकाच गोष्टीच्या मागे होता. न गळणारं बोंड. पूर्ण वाळलं तरी वाट्या धरून ठेवणारं एक झाड मिळालं, की त्याचं बी, त्या बीचं बी, आणि मग सगळं शेत तसं. घराच्या मागे जाळीखाली त्यांचा एक वेगळा तुकडा होता. तिथे लांबलांबच्या देशांतून मागवलेलं बी पेरलेलं असायचं, आणि आम्हाला कुणाला आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. बोंडं वाळायला लागली की बाबा एकेक तोडून तळहातावर हलकेच आपटायचे. बोंड फुटायचं. ते "हं" म्हणायचे आणि पुढच्या झाडाकडे जायचे. मी या घरात आल्यापासून दर हंगामात तो "हं" ऐकत आले. त्याच्यात दरवर्षी थोडी हवा कमी होत चालली होती.

मोठ्या शेताकडे मात्र त्यांनी त्या नजरेने कधी पाहिलं नाही. ते साधं, रोजचं, पोटापाण्याचं. त्याचं पुढच्या वर्षीचं बी काढायचं काम सासूबाईंचं. शेताच्या एका कडेला काही ओळी न कापता झाडावरच पिकू द्यायच्या, मग ती बोंडं वाळवणघरात आणून पसरलेल्या चादरीवर झटकायची. जे गळलं ते बी. जे झटकूनही गळलं नाही ते कच्चं, ते भट्टीशेजारच्या वेताच्या टोपलीत. दमट दिवशी वाळवणघरातली लोखंडी भट्टी पेटवावी लागते, आणि पेट घ्यायला ही कागदी बोंडं फार चांगली. सासूबाई काही वाया घालवणाऱ्यातल्या नव्हेत.

त्या दिवशी सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या. गुडघा बदलायचा होता, तो आदल्या दिवशी बदलून झाला होता. जायच्या आधी त्यांनी यंदाचं बी झटकून, पिशव्या बांधून, टोपली भरून, चादर धुऊन वाळत घातली होती. सकाळी हवा ओलसर झाली आणि भट्टी पेटवायचं काम पहिल्यांदाच बाबांवर आलं. मी खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. बाबांनी टोपलीतून मूठभर बोंडं घेतली, चुरगळून आत टाकायला मूठ आवळली, आणि तसेच थांबले. मग मूठ उघडली. पुन्हा आवळली. मग त्यांनी त्यातलं एक बोंड समोरच्या भिंतीवर मारलं. ते चेंडूसारखं उसळून माझ्या पायाशी आलं. अख्खं.

"स्प्रेबाई, इकडे या," बाबा म्हणाले. एरवी ते मला या नावाने हाक मारत नाहीत.

मला वाटलं, माझाच एखादा स्प्रे मारलेला घोस या टोपलीत पडला असणार, आणि आता पुन्हा हार, डबा, झाडाचा स्वाभिमान हे सगळं ऐकावं लागणार. मी बोंड उचलून नाकाशी धरलं. वास नाही. स्प्रेचा वास महिनोन्महिने जात नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. जीभ लावून पाहिली, चिकट नाही. मी तसं बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कुणी गेल्याची बातमी दिली. मग त्यांनी नखाने एक वाटी ओढून काढली. ओढून, बरं का, ती आपली आपण सुटली नाही. आतलं बी त्यांनी दाताखाली धरलं. कट्कन आवाज आला. कच्चं बी मऊ असतं, दाबलं की दुधासारखं पाणी येतं. याच्या आत घट्ट पांढरा गर होता.

"पिकलंय," ते म्हणाले, आणि रिकामं खोकं उलटं करून त्यावर बसले.

मी इतकी खूश झाले की ओरडणारच होते. नवऱ्याला फोन करायला खिशात हातही घातला. पण बाबांचा चेहरा बघून हात खिशातच राहिला. ते बोंडाकडे बघत नव्हते, टोपलीकडे बघत होते. टोपलीकडून त्यांची नजर भट्टीच्या काळ्या तोंडाकडे गेली, तिथून परत टोपलीकडे आली. तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. दरवर्षी जी बोंडं गळली, त्यांचंच बी आम्ही जपून पेरलं. जी धरून राहिली, ती जाळली. न गळणारं बोंड हा माणूस सातासमुद्रापार शोधत होता, पत्रं लिहीत होता, बी मागवत होता, आणि ते दर हंगामात त्याच्याच शेतात येत होतं, त्याच्याच बायकोच्या हाताने टोपलीत पडत होतं, आणि त्याच्याच भट्टीत धूर होऊन जात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फक्त इथे कळसा दर दमट सकाळी पेटवला जात होता.

वाळवणघरात तारेवरची बोंडं वाऱ्याने एकमेकांना लागून खसखसत होती आणि अधूनमधून एखादी वाटी जमिनीवर पडत होती. मला भीती वाटली, यांना काही झालं तर मी एकटी काय करणार. पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. शेवटी त्यांनी एकच वाक्य म्हटलं. "तिला सांगायचं नाही."

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझे सासरे फार मोठे वाटले. आयुष्याची राख झाली आणि या माणसाला पहिली आठवण झाली ती बायकोच्या मनाची.

दुपारपर्यंत माझा नवराही आला आणि आम्ही तिघांनी मिळून टोपली उपसली. एकेक बोंड मुठीत दाबून बघायचं. बहुतेक खरंच कच्ची होती, ओली काडी मोडावी तशी दबून गेली. जी टिकली ती सगळी मिळून एका ताटलीत मावली. नवऱ्याने ताटलीचा फोटो व्यापाऱ्याला पाठवला, सोबत एक व्हिडिओ, त्यात मी बोंड जमिनीवर आपटते आहे आणि ते उड्या मारतं आहे. व्यापाऱ्याचा लगेच फोन आला. असा माल देणार असाल तर मी हंगामभर थांबतो, म्हणाला. लॉनवाल्यांना नवऱ्याने पुढची तारीख दिली. आता सगळं त्या ताटलीवर आलं होतं. तेवढं बी महिन्याभरात पेरायचं, जगवायचं, त्यातून पुन्हा न गळणारं निवडायचं. ते साधलं तर शेत राहील, नाही तर गालिचे. बाबा ताटली स्वतःच्या खोलीत घेऊन गेले आणि तिच्यावर काचेचं झाकण ठेवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पुढच्या आठवड्यात मात्र बाबांचं मोठेपण जरा जास्तच वाढायला लागलं. तिला सांगायचं नाही, हे त्यांनी आधी आम्हाला सांगितलं. मग वाळवणघरातल्या बायकांना एकत्र करून सांगितलं. मग व्यापाऱ्याला फोनवर, खतवाल्याला दारात, आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांना कुंपणावरून सांगितलं. तिची काही चूक नाही, बिचारीला काय कळणार, मी मनात काही ठेवलेलं नाही, मी तिला माफ केलंय. प्रत्येक वेळी ऐकणारा म्हणायचा, तुमच्याएवढं मन कुणाचं असतं, आणि बाबा मान खाली घालून "चालायचंच" म्हणायचे. माफी देणाऱ्याला प्रेक्षक लागतात, हे मला तेव्हा कळलं. पण माणसाचं एवढं नुकसान झाल्यावर त्याने थोडं कौतुक करून घेतलं तर आपलं काय जातं, असं म्हणून मी गप्प बसले.

सासूबाई घरी आल्या त्या वॉकर धरून, तोंडाने कुरकुर करत. हॉस्पिटलमधला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, नर्स पोरगी चांगली होती पण तिचे हात बर्फासारखे, वगैरे. त्यांनी पाहिलं तर पलंगाशेजारी धरायला नवा दांडा बसवलेला, खुर्चीत नवी उशी, आणि बाबा स्वतः सूप ढवळत उभे. त्यांनी त्यात मीठ दोनदा घातलं होतं. सासूबाईंनी घोट घेतला, बाबांकडे पाहिलं, आणि वाटी संपवली. वाळवणघरातल्या बायका भेटायला आल्या त्या एरवी हसत-खिदळत येणाऱ्या, या वेळी पाय न वाजवता आल्या, हात हातात घेऊन बसल्या. शेजारच्या मास्तरांनी दारातूनच सांगितलं की मनाला लावून घेऊ नका, आपल्या हातात काही नसतं. सासूबाई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. दोन दिवस त्यांनी हे सहन केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मुलाकडे वळल्या. "डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय ते मला सांग," त्या म्हणाल्या. "माझे किती दिवस राहिलेत?"

त्यांचा आवाज स्थिर होता. या बाईने दोन दिवस, दोन रात्री, आपण मरणार आहोत असं धरून काढल्या होत्या, आणि आम्ही तिला उशा आणून देत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्या नवऱ्याचा तर धीरच सुटला. आई, तसं काही नाही, तुला काही झालेलं नाही, असं म्हणता म्हणता त्याने सगळं सांगून टाकलं. टोपली, भिंत, दाताखालचं बी, ताटली, व्यापारी. मध्येच त्याने बाबांकडे पाहिलं, पण बाण सुटला होता. आणि बाबांनी, मला अजून तो हात डोळ्यांसमोर दिसतो, बाबांनी टेबलावरून हात पुढे करून सासूबाईंच्या हातावर ठेवला. "जाऊ दे," ते म्हणाले. "तुला कुठून कळणार होतं. मी तुला केव्हाच माफ केलंय."

सासूबाईंनी आधी मोठा श्वास सोडला. आपण मरत नाही आहोत हे माणसाला एकदम पचत नाही. मग त्यांनी बोंड बघायला मागितलं. नवरा धावत जाऊन ताटलीच घेऊन आला. त्यांनी एक बोंड उचललं, बोटांनी दाबलं, फिरवून पाहिलं.

"हे होय," त्या म्हणाल्या. "हे तर मी तुम्हाला दाखवलं होतं."

बाबा हसले. खरंच हसले. आजारी माणसाच्या बोलण्याला हसतात तसे. "कधी?"

"लग्न झालं त्या वर्षी. पहिल्यांदाच बी झटकायला बसले होते." सासूबाईंच्या बोलण्यात काही आवेश नव्हता, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. बाबा शिडीवर चढून तारा बांधत होते, खाली कामाला आलेली माणसं उभी होती. सासूबाई तळहातावर एक बोंड घेऊन शिडीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, अहो, हे झटकूनसुद्धा गळत नाही, बघा ना. बाबांनी वरूनच बघितलं. हातात घेतलं नाही. कच्चं आहे, टाक भट्टीत, म्हणाले. आणि खालच्या माणसांना म्हणाले, नवीन आहे, शिकेल हळूहळू. सगळे हसले.

"मग मी शिकले," सासूबाई म्हणाल्या.

मी बाबांकडे बघायचं टाळत होते आणि तरी बघत होते. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण त्यामागे कुणी नव्हतं.

"एकदाच?" बाबांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा आणलं होतं. तेव्हा तुम्ही हिशेब करत होतात. म्हणालात, एकदा सांगितलेलं कळत नाही का. मग मी कानाला खडा लावला."

"मला आठवत नाही," बाबा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. मला ते सगळ्यात भयंकर वाटलं. ते आठवायचा प्रयत्न करत होते, डोळे बारीक करून टेबलाकडे बघत होते, आणि तिथे काही सापडत नव्हतं. शिडी नाही, तळहात नाही, हसणारी माणसं नाहीत. ज्या एका क्षणासाठी या माणसाने उभं आयुष्य घालवलं, तो क्षण लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला होता, आणि तो त्याच्या लक्षातही राहण्याइतका मोठा नव्हता. सासूबाईंच्या मात्र, शिडीखाली हसणाऱ्या एका माणसाने कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता तेही लक्षात होतं. तेही त्यांनी सांगितलं. पिवळा.

"मग नंतर कधी तू स्वतः फोडून का नाही पाहिलंस?" बाबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, उलट अगदी खाली गेला होता.

"तुम्ही कच्चं म्हणाला होतात ना," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी आपला हात बाबांच्या हाताखालून काढून घेतला, वॉकर ओढला आणि आडव्या पडायला गेल्या. जेवण तसंच राहिलं. माझा नवरा भांडी घासायला उठला, जे त्याने आमच्या लग्नापासून केलेलं नाही. मी त्याला थांबवलं नाही.

त्या संध्याकाळी बाबा शेतात गेले नाहीत, जाळीखालच्या तुकड्यातही नाहीत. पायरीवर बसून राहिले. शेजारचे मास्तर कुंपणाशी आले, वहिनींना कळलं का, कशी आहे त्यांची तब्येत, असं विचारू लागले, तर बाबा उठून आत आले. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी येत असल्यामुळे माझ्या हातून दोन कप फुटले. नवऱ्याने अंथरुणात विचारलं, मी तुला कधी असं काही म्हटलंय का गं. मी म्हटलं, आठवून बघ. तो आठवत बसला.

सकाळी मी वाळवणघरात गेले तर बाबा आधीच तिथे होते. हवा पुन्हा ओलसर होती, त्यांनी भट्टी लाकडाच्या ढलप्यांनी पेटवली होती. बाकावर ती ताटली होती, शेजारी मातीने भरलेले ट्रे. सगळी तयारी झाली होती, पण पेरायला त्यांचा हात होत नव्हता. मला म्हणाले, तिला विचारायला हवं. काय विचारणार, मी म्हटलं. ते म्हणाले, माहीत नाही.

तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. सासूबाई अंगणातून एकट्या चालत येत होत्या. डॉक्टरांनी त्यांना एकटीने घराबाहेर जायचं नाही असं बजावलं होतं. बाबा धावले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दारात जरा टेकल्या, दम घेतला, आणि बाकापाशी आल्या. ताटलीतल्या बोंडांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि मधलं एक उचललं. मोठं, गोल, प्रत्येक चांदणी जागच्या जागी.

"ते सगळ्यात चांगलं आहे," बाबा म्हणाले.

"दिसतंय मला," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी वॉकर एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने भट्टीचं दार उघडलं आणि बोंड आत टाकलं.

माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते एक पाऊल पुढे गेले होते, हात पुढे केलेला, आणि तिथेच थांबले. आता धावून उपयोग नव्हता. बोंड पेटलं होतं. पण ते फुटलं नाही. साधं बोंड असतं तर केव्हाच विखरून राख झालं असतं. हे आगीतसुद्धा वाट्या धरून होतं. प्रत्येक वाटीची कड लाल झाली, चांदण्या लाल झाल्या, अख्खं बोंड निखाऱ्याचं होऊन क्षणभर तसंच्या तसं उभं राहिलं. मी इतकी वर्षं या घरात आहे, एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं. बाबा डोळे न मिटता बघत होते. मग बोंड राख होऊन खाली बसलं.

सासूबाईंनी दाराच्या कडीवरचा हात काढला नाही.

"आजवरची सगळी मी तुमच्या शब्दावर जाळली," त्या म्हणाल्या. "हे एक मी माझ्या मनाने जाळलंय. आता करा माफ."

बाबांनी तोंड उघडलं. आठवडाभर व्यापाऱ्यापासून खतवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलेल्या शब्दांपैकी त्यांना त्या क्षणी एकही सापडला नाही. ते तसेच उभे राहिले, आणि सासूबाई, दुखऱ्या पायावर भार न देता, वाट बघत उभ्या राहिल्या.